परसातला शरद

वर्षाचे ऋतू सहा, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. पण ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला विचाराल तर तो तीनच सांगेल : पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा. वसंताला निदान कोकिळा आहे, आंब्याचा मोहोर आहे. शरदाचे तसे वाजतगाजत कोणी स्वागत करीत नाही. गणपती गेले, पितृपक्ष झाला, नवरात्र बसले, दसरा उरकला, की दिवाळीच्या भाजणीची घाई. या गडबडीत हा ऋतू येऊन जातोसुद्धा. आणि आपण त्याला नाव ठेवतो तेही काय, तर 'ऑक्टोबर हीट'!

दुसरी एक गंमत आहे. शरद म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पानगळ उभी राहते. लाल-पिवळी पाने, त्यांनी झाकलेली पायवाट, बाकावर बसलेला एखादा म्हातारा. हे चित्र विलायती कॅलेंडरावरचे. तिकडे दिवस लहान होतो, थंडी वाढते, आणि ओक नि मेपल पाने टाकून मोकळे होतात. आपल्याकडची झाडेही पाने टाकतात, नाही असे नाही. पण ती थंडीला भिऊन नव्हे, पाण्याची काटकसर म्हणून, आणि तीसुद्धा शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमारास. शरदात आपले झाड भरगच्च असते. मग आपल्या शरदाची खूण कोणती? मला विचाराल तर एकच : पाणी निघून जाऊ लागते. आभाळातून जाते, वाऱ्यातून जाते, मग भिंतींतून आणि शेवटी जमिनीतून. बाकीच्या साऱ्या खुणा या एका जाण्याच्या आहेत.

या खुणा पाहायला तुम्हांला मी एका परसात घेऊन जाते. कल्याण सोडून कर्जतकडे निघालात की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि मग बदलापूर. बदलापूरच्या कुळगावात आमचे जुने कौलारू घर आहे. घराच्या मागे, दक्षिणेला, सत्तरएक फूट लांबीचे परस. त्यात एक विहीर, एक प्राजक्त, दोन आंबे, अळूचा वाफा, कुंपणाच्या कडेने सुरण आणि आंब्यावर चढलेला करांद्यांचा वेल. यात नवल काही नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथल्या घरोघरी असेच असे. फरक एवढाच, की आमच्या सासूबाई या परसाकडे पंचांगासारख्या पाहतात. आणि त्याला कारण आहेत वाल.

आपल्या भागातले कडवे वाल तुम्हांला ठाऊक असतीलच. भातकापणी झाली की त्याच खाचरांत, उरलेल्या ओलीवर, वाल पेरायचे. त्यांना वेगळे पाणी द्यावे लागत नाही. परसातल्या वाफ्यालाही नियम तोच. पण ही ओल मोठी चमत्कारिक वस्तू. लवकर पेरले आणि परतीचा पाऊस एकदा जोरात येऊन गेला, की दाणा जमिनीतच कुजतो. उशीर केला तर वरची माती कोरडी पडते आणि कोंब वर येता येता दमतो. या दोहोंच्या मध्ये सापडतात आठ-दहा दिवस, आणि ते दर वर्षी निराळे. भिंतीवरच्या कॅलेंडरात ते छापलेले नसतात. ते परसात वाचावे लागतात.

पहिली खूण आभाळात. जून ते सप्टेंबर आमचे ढग येतात ते मलंगगड, तावली नि चंदेरी या नैऋत्येकडच्या डोंगररांगेवरून. ती रांग पावसाळ्यात बहुधा दिसतच नाही. तिथे फक्त एक करडी भिंत असते. मग एका सकाळी चंदेरीचा सुळका धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ उभा दिसतो. त्यानंतर पाऊस येत नाही असे नव्हे. येतो, पण उलट्या बाजूने. मुरबाडकडून, सह्याद्रीच्या अंगाने दुपारी तीन-चारच्या सुमाराला काळे ढग चढतात, विजा कडाडतात, तासभर धो धो कोसळते आणि संध्याकाळी पुन्हा निरभ्र. हा हस्ताचा पाऊस. आषाढातला पाऊस मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा. हा उंबऱ्यावरूनच भांडून जाणारा. पाऊस कुठल्या बाजूने आला, हे सासूबाई आवर्जून विचारतात. हवामान खात्याने मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख २०२० साली सुधारून ८ ऑक्टोबर ठरवली. आमच्याकडे ही तारीख कुणी पाठ केलेली नाही. पण मुरबाडकडून दोन-तीनदा गडगडाट झाला की हिशेब साधारण तिथेच येतो.

आणि त्या बदनाम उकाड्याचेही उत्तर यातच आहे. समुद्रावरून येणारा जोराचा वारा पडलेला, आभाळ उघडलेले, ऊन थेट जमिनीवर, आणि जमीन चार महिन्यांच्या पाण्याने गच्च. म्हणजे चुलीवर ठेवलेले मोदकपात्रच म्हणा! वाफ कोंडते आणि आपण शिजतो. जुने लोक शरदाला वैद्यांची आई म्हणत, ते काही उगाच नाही. ताप, पित्त, डोळे येणे, सगळे याच दिवसांत. 'शंभर शरद जग' असा आपला आशीर्वाद आहे. शंभर वसंत असे सहसा कोणी म्हणत नाही! एवढा एक ऋतू धडपणे पार पडला की वर्ष पदरात पडले, असाही त्याचा एक अर्थ मला लागतो.

दुसरी खूण विहिरीपाशी. श्रावणात आमच्या विहिरीचे पाणी इतके वर येते की कठड्यावरून वाकून कळशी बुडवावी. पण ते गढूळ असते. आश्विनात ते तितकेच वर असते आणि तळापर्यंत निवळलेले. कोणे काळी पडलेली तांब्याची झारी तेवढ्या दिवसांत दिसते. पुढे पाणी खाली गेले की कपारीच्या सावलीत ती पुन्हा दिसेनाशी होते. काढायची, काढायची म्हणता तिची दोन पिढ्यांशी ओळख झाली आहे. आपले पूर्वज म्हणत की अगस्त्याचा तारा उगवला की पाणी निर्मळ होते. भाद्रपदात पहाटे दक्षिणेच्या अंगाला क्षितिजाजवळ हा ठळक तारा दिसू लागतो. आपल्याकडे मात्र ढगांमुळे त्याची गाठ पडायला बहुधा आश्विन उजाडतो. हादग्यालाही अगस्ता म्हणतात, आणि त्याची पांढरी कोयरीसारखी फुले याच सुमारास लागू लागतात. तारा वर, फूल खाली आणि नाव एकच. ज्याने हे जुळवले त्याने दोन्हीकडे नीट पाहिले असले पाहिजे.

विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ हे आमचे तिसरे पान. पावसात ते मखमलीसारखे हिरवे, निसरडे. भाद्रपद संपता संपता त्याच्या कडा पिवळट होतात. मग ते तपकिरी होते, भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटते, आणि एका दिवशी झाडूच्या फटक्यासरशी निघून येते. दगडातले पाणी गेले, असा त्याचा निरोप.

फुलांविषयी मी फार बोलणार नाही, कारण शरदाच्या फुलांवर बोलायला कवी बसले आहेत. कालिदासाच्या ऋतुसंहारात तिसरा सर्ग शरदाचाच. त्यातला सप्तच्छद म्हणजे आपली सातवीण. तिचा रात्रीचा उग्र वास आता शहरांतल्या रस्त्यांवरही येतो, आणि कित्येकांचे त्याने डोके दुखते. आमच्या परसातला शरद त्या मानाने साधा. प्राजक्ताचा सडा पडतो. तो श्रावणातही पडतो, पण तेव्हा चिखलात पडतो. आश्विनात तो कोरड्या अंगणात पडतो आणि वेचता येतो, एवढाच फरक. पण वेचणाराला तो केवढा मोठा! तेरड्याच्या शेंगा बोट लागताच फुटून बी उडवतात आणि शाळेला जाणारी मुले उशीर करतात. कुंपणाशी कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे येतात. नवान्न पौर्णिमेला भाताच्या लोंब्या, कुरडू आणि आंब्याची पाने एकत्र बांधून दाराला लावायची पद्धत आहे. तेव्हा कुरडू हे तण, हे आमच्या घरी कोणी मोठ्याने म्हणत नाही. जाता जाता दसऱ्याचे एक सांगून ठेवते. बाजारात सोने म्हणून विकली जाणारी पाने पुष्कळदा आपट्याची नसतातच, कांचनाची असतात. दोघांचीही पाने जोड असतात, पण आपट्याचे लहान, जाड आणि खरखरीत. कांचनाचे मोठे आणि मऊ. सोने घेताना हात लावून पाहावे, हे सराफाकडेही आपण करतोच.

पाहुण्यांत पहिला येतो करडा धोबी. चिमणीपेक्षा सडपातळ, पोटाखाली पिवळी झाक, आणि शेपटी अखंड वरखाली. सप्टेंबरात केव्हातरी तो न्हाणीघराच्या पाण्याच्या पाटापाशी हजर होतो. त्याचे माहेर हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे. हे पक्षी पुष्कळदा मागल्या वर्षीच्याच जागी परत येतात, हे पायांत कडी घालून अभ्यासकांनी पाहिले आहे. आमचा धोबी तोच की त्याचा मुलगा, ते आम्हांला सांगता येत नाही. सासूबाई मात्र 'आला गं आपला' असेच म्हणतात. पावसात दिसेनासे झालेले वेडे राघू पुन्हा तारांवर बसू लागतात, कारण त्यांना हवे ते किडे आता उघड्यावर उडतात.

उडणाऱ्यांवरून आठवले. या दिवसांत संध्याकाळच्या उन्हात पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे परसावर घिरट्या घालतात. मुले त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. हा साधासुधा किडा समुद्र ओलांडतो असे सांगितले तर खरे वाटेल का? मालदीव बेटांवर राहणारे चार्ल्स अँडरसन हे जीवशास्त्रज्ञ दर वर्षी पाहत असत, की ऑक्टोबर आला की बेटांवर चतुरांचे लोंढे येतात, आणि अंडी घालायला गोडे पाणी तर तिथे जवळजवळ नाहीच. २००९ साली त्यांनी मांडले, की हे चतुर परतीच्या वाऱ्यांवर स्वार होऊन भारतातून निघतात आणि मालदीववरून पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. म्हणजे आपल्याकडचे पाणी निघाले की तेही निघाले, जिथे आता पाऊस सुरू होणार तिकडे. आमच्या वालाच्या वाफ्यावर घिरट्या घालणाऱ्याला आफ्रिकेची गाडी गाठायची असते, हे कळल्यापासून मी त्याला हुसकावीत नाही.

यानंतरच्या दोन खुणा महत्त्वाच्या, कारण पेरणी त्यांच्यावर ठरते. एक दव. आंबा आणि प्राजक्त यांच्या मध्ये हाताच्या पंजाएवढी मोठी कोळीण जाळे विणते. उन्हात त्या धाग्यांना सोनेरी झाक असते. एरवी ते दिसत नाही आणि तोंडावर येते. पण आभाळ रात्रभर निरभ्र राहिले, जमिनीतली उष्णता वर निघून गेली, की पहाटे त्या जाळ्यावर दवाचे मणी ओवलेले असतात. जाळे तीन दिवस लागोपाठ भिजले की ढग गेले असे समजायचे. आणि दुसरी खूण सुरण. त्याचे छत्रीसारखे पान पावसाळाभर दिमाखात उभे असते. शरदात ते कडेपासून पिवळे पडते, दांडा मऊ होतो, आणि एका सकाळी आडवा होतो. 'सुरणानं मान टाकली' असे आमच्याकडे म्हणतात. जमिनीवरचे काम संपले, आता सगळे खाली कंदात. करांद्याच्या वेलाचेही तेच. पाने पिवळी होतात आणि वेलावर लटकलेले करांदे टपाटप पडू लागतात. मान टाकल्यावर आठ दिवसांनी वाल भिजत घालायचे, हा घरचा ठोकताळा. शास्त्र म्हणून मी तो सांगत नाही. पण कंदाला मातीतली ओल आपल्यापेक्षा जवळून कळते, एवढे कबूल करायला हरकत नसावी.

२०१९ सालची गोष्ट सांगते. त्या वर्षी २७ जुलैला उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर उतारूंना बोटींतून काढावे लागले, ते तुम्हांला आठवत असेल. त्या वर्षी मोसमी पावसाने देशातून परत फिरायलाच ९ ऑक्टोबर उजाडवला. नोंदींतली ती सर्वांत उशिराची माघार होती. धनत्रयोदशी २५ ऑक्टोबरला होती. ऊन चांगले पडले होते, बाजारात कंदील लागले होते. आसपासच्या दोन-तीन घरांनी वाल टाकले. आमच्याकडे सुरण मात्र अजून अर्धा हिरवा आणि ताठ. मी म्हटले, "सगळ्यांनी पेरले, आपणही पेरू या." सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांच्या परसात आपला सुरण आहे का? थांब." आणि मग अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ झाले, त्यापाठोपाठ 'महा'. दिवाळीत पाऊस, भाऊबिजेनंतरही पाऊस. कोकणात कापून ठेवलेले भात शेतातच भिजले, त्याला कोंब फुटले. ज्या घरांनी वाल टाकले होते त्यांचे बियाणे गेले. आमचे डब्यातच होते. त्यानंतर दोघी शेजारणी बियाणे मागायला आल्या आणि जाताना सुरणाकडे जरा निराळ्या नजरेने पाहून गेल्या.

सगळीकडे शरद परसातच उतरतो असे मात्र नाही. दोन स्टेशने मागे उल्हासनगरला जा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे नगराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर झाले. ऑगस्टातली कोनशिला, म्हणजे ऐन पावसात! ज्या कराचीत वर्षाकाठी सात-आठ इंच पाऊस, तिथली माणसे शंभर इंचांच्या मुलखात येऊन पडली. पहिल्या आश्विनात ऊन पाहून त्यांना केवढे हायसे वाटले असेल! बराकीला परस कुठले? दाराशी डालड्याच्या डब्यात तुळस आणि पुदिना. पण ऊन तर होते. त्या उन्हावर बायकांनी पापड वाळवले, आणि उल्हासनगरचा पापड पुढे नावाजला. आजही पाऊस उघडला की तिथे गच्च्यांवर, खाटांवर, धुतलेल्या चादरींवर पापड दिसू लागतात. तोही शरदच; तिथे पाणी पापडातून जाते.

अंबरनाथला शिवमंदिराच्या भिंतींवरूनही पाणी जाते. शके ९८२, म्हणजे १०६० सालचे हे मंदिर. पावसाळ्यात त्याच्या मूर्तींवर हिरवी साय धरते आणि आश्विनात ती वाळून दगड पुन्हा काळा होतो. साडेनऊशेहून अधिक शरद त्या दगडाने असे काढले. मात्र त्याच्या पायथ्याची वालधुनी शरदात निवळत नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचा रंग कोणत्याच ऋतूला बांधलेला राहिलेला नाही. तिथे अगस्त्याने काय करावे?

आता आमच्या परसात आलेली नवी खूण सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या दक्षिणेची वाडी विकली गेली आणि कुंपणापासून दहा फुटांवर सात मजल्यांची इमारत उभी राहिली, सत्तर फूट उंच. पहिल्या उन्हाळ्यात आम्हांला काही जाणवले नाही. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्याही किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे सावली आमच्याकडे पडतच नाही. पण जुलैच्या अखेरीपासून तो दक्षिणेला कलू लागतो. ऑक्टोबरच्या मध्यावर भर दुपारी तो त्रेसष्ट अंशांवर असतो. तेव्हा सत्तर फुटांची सावली छत्तीस फूट पडते. २२ डिसेंबरला तो साडेसत्तेचाळीस अंशांवर येतो आणि सावली चौसष्ट फुटांवर जाते. मुलाने हे गणित वहीत मांडून दाखवले. सासूबाईंनी ते आधीच काठ्या रोवून मांडले होते.

ही सावली आमच्या पंचांगातली पानेच फाडते. विहीर कुंपणापासून वीस फुटांवर. आता तिच्या कठड्यावरचे शेवाळ संक्रांतीपर्यंत हिरवे राहते. म्हणजे ती खूण खोटी झाली. सावलीतल्या वाफ्यात ओल टिकते खरी, पण वालाला फुलोऱ्यासाठी ऊन हवे. पहिल्या वर्षी वेल माजले आणि शेंगा मूठभर आल्या. सुरण सावलीत उभा राहून उशिरा पिवळा पडू लागला, आणि ठोकताळ्यातले आठ दिवस डळमळले. सासूबाई दोन दिवस कोणाशी फारशा बोलल्या नाहीत. मग त्यांनी सुरणाचे चार कंद उचलून घराच्या मागल्या दाराशी लावले, आणि जिथे वाळवणे घालत असू ती सोळा फुटांची उन्हाची पट्टी वालांना दिली. वाळवणे माडीच्या पत्र्यावर गेली. शेवाळाला त्यांनी यादीतून काढून टाकले. दव आणि ढगांची बाजू यांच्यावर आता जास्त भिस्त आहे. ती कोणाच्या सावलीत येत नाहीत. आमच्याही घराबद्दल अधूनमधून विचारणा होते. घरातली मते दोन आहेत, आणि त्याचा निकाल या भाषणात लागणार नाही.

त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उल्हासनगरहून राहायला आलेल्या एक सिंधी आजी आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या परसावर उघडते आणि गॅलरी पलीकडे, दक्षिणेला. जे ऊन आमच्या वाफ्यावरून गेले ते शरदापासून त्यांच्या गॅलरीत आतपर्यंत येते. तिथे त्या पापड घालतात. आणि आमच्याकडून वाटीभर वाल नेऊन दोन पिंपांत त्यांनी वेलही चढवले आहेत. तुमच्या घराला दक्षिणेची गॅलरी असेल तर तुम्हीही करून पाहा. पिंपाच्या बुडाला भोके हवीत, आणि पेरल्यावर पाण्याचा हात आखडता.

पेरायचे केव्हा, हे मात्र त्या खिडकीतून विचारतात. दसरा झाला की सुरू होते.

"ताई, सुरण पडला काय?"

सासूबाई मागल्या दाराशी येऊन पानाकडे बघतात, दांडा दोन बोटांनी दाबून पाहतात.

"नाही हो भाभी. अजून उभा आहे."